एक्झॉनची सीमा कोण ठरवते? मानवी जनुकांतील पर्यायी स्प्लाइसिंग

प्रस्तावना

हा पाठ संगणक, माहिती-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान शाखांतील ज्या विद्यार्थ्यांनी जैवमाहितीशास्त्र हा विषय ऐच्छिक म्हणून घेतला आहे, त्यांच्यासाठी आहे. डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन तयार होते, तसेच तीन अक्षरांचा एक कोडॉन एका अमिनो आम्लासाठी असतो, एवढे तुम्हाला ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे. बाकी सर्व आपण इथेच पाहू.

या पाठाचा मुख्य प्रश्न साधा आहे. जनुकाच्या नकाशात प्रत्येक एक्झॉनची सुरुवात आणि शेवट आकड्यांनी दिलेला असतो. ते आकडे पाहून आपल्याला वाटते की ही सीमा डीएनएवर आखलेली पक्की रेघ आहे. पण पेशीला हे आकडे दिसत नाहीत. पेशी प्रत्येक वेळी काही खुणा वाचून सीमा ठरवते. खुणा दुबळ्या असतील किंवा शेजारी दुसरी तशीच खूण असेल, तर सीमा सरकते. कधी या सरकण्याचा पेशीला उपयोग होतो, तर कधी त्यातून आयुष्यभराचा आजार होतो. भारतात सर्वाधिक आढळणारे बीटा-थॅलेसेमियाचे उत्परिवर्तन याच प्रकारचे आहे, म्हणून पाठातील मुख्य उदाहरण तेच घेतले आहे.

१. तुटक जनुके

१९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी अ‍ॅडिनोव्हायरसवर काम करताना स्वतंत्रपणे दाखवले की तयार एमआरएनए हा डीएनएच्या सलग पट्ट्याची नक्कल नसतो. तो डीएनएवर दूरदूर असलेल्या तुकड्यांचा जोड असतो. या शोधासाठी दोघांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तयार एमआरएनएमध्ये राहणाऱ्या तुकड्यांना एक्झॉन आणि मधून काढून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यांना इंट्रॉन म्हणतात. ही दोन्ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये सुचवली. इंट्रॉन कापून एक्झॉन जोडण्याच्या क्रियेला स्प्लाइसिंग म्हणतात. ऑप्टिकल फायबरचे दोन तुकडे जोडतानाही तुम्ही हाच शब्द वापरता आणि अर्थही तोच आहे. फरक एवढाच की फायबरमध्ये जोड थोडा सरकला तर सिग्नल क्षीण होतो. जनुकात जोड एका अक्षराने सरकला तर पुढचा सगळा मजकूर बदलतो.

मापांची कल्पना यावी म्हणून काही आकडे पाहा. मानवात प्रथिने बनवणारी जनुके सुमारे २०,००० आहेत. मधल्या एक्झॉनची सरासरी लांबी १५० अक्षरांच्या आसपास असते, तर इंट्रॉन हजारो अक्षरांचे, काही वेळा लाखांच्या घरातले असतात. डिस्ट्रोफिन या स्नायूंच्या जनुकाची लांबी २० लाख अक्षरांहून अधिक आहे. त्यात ७९ एक्झॉन आहेत, पण तयार एमआरएनए सुमारे १४,००० अक्षरांचा असतो. म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक भाग कापून टाकला जातो. एवढ्या गवतातून नेमके तुकडे शोधणे, हेच पेशीपुढचे काम आहे.

२. सीमेच्या खुणा

इंट्रॉन कापण्याचे काम स्प्लायसोसोम नावाचे प्रथिनांचे आणि छोट्या आरएनएंचे मोठे यंत्र करते. ते चार खुणा शोधते.

पहिली खूण इंट्रॉनच्या सुरुवातीला असते. तिला डोनर स्थान म्हणतात. जवळजवळ सर्व इंट्रॉन जीटी या दोन अक्षरांनी सुरू होतात. (आरएनएमध्ये टीच्या जागी यू असतो, या पाठात आपण सोयीसाठी डीएनएची अक्षरे वापरू.)

दुसरी खूण म्हणजे इंट्रॉनच्या आतले, शेवटापासून साधारण १८ ते ४० अक्षरे अलीकडे असलेले ए हे अक्षर. याला शाखाबिंदू म्हणतात.

तिसरी खूण म्हणजे शाखाबिंदूच्या पुढचा, सी आणि टी यांनी भरलेला पट्टा.

चौथी खूण इंट्रॉनच्या शेवटची एजी ही अक्षरे. हे अ‍ॅक्सेप्टर स्थान.

आता थोडे गणित करा. चारही अक्षरे सारख्या प्रमाणात आणि यादृच्छिक असती, तर जीटी ही जोडी सरासरी दर १६ जागांमागे एकदा आली असती. म्हणजे ५,००० अक्षरांच्या इंट्रॉनमध्ये जीटी सुमारे ३०० वेळा येईल. त्यातले एकच खरे डोनर आहे. तेव्हा केवळ जीटी पाहून सीमा ठरवता येणार नाही, हे उघड आहे.

म्हणून स्प्लायसोसोम जास्त अक्षरे वाचतो. त्यातला यू१ नावाचा घटक एक्झॉनची शेवटची ३ आणि इंट्रॉनची पहिली ६, अशा एकूण ९ अक्षरांशी जोडी जमवून पाहतो. त्याला सर्वांत आवडणारा नमुना असा आहे: सीएजी, मग सीमा, मग जीटीएएजीटी. तिसऱ्या जागी ए ऐवजी जी असला तरी चालते. प्रत्यक्ष जनुकांत हा नमुना तंतोतंत क्वचितच सापडतो. जितकी अक्षरे जुळतील तितके स्थान बळकट, जितकी चुकतील तितके दुबळे. थोडक्यात, हा हो किंवा नाही असा निर्णय नसून गुणांकनाचा प्रश्न आहे.

याशिवाय एक्झॉन आणि इंट्रॉन या दोन्हींत छोटे छोटे मजकूर असतात, ज्यांवर मदतनीस किंवा अडथळा आणणारी प्रथिने बसतात. मदतनीस प्रथिन जवळ बसले तर दुबळे स्थानही निवडले जाते. अडथळा आणणारे बसले तर बरे स्थानही वगळले जाते. कोणत्या पेशीत कोणती प्रथिने किती आहेत, यावर एकाच जनुकाचे स्प्लाइसिंग यकृतात एक आणि मेंदूत दुसरे होऊ शकते.

३. पर्यायी स्प्लाइसिंगचे प्रकार

एकाच जनुकापासून एकाहून अधिक प्रकारचे एमआरएनए बनणे म्हणजे पर्यायी स्प्लाइसिंग. त्याचे पाच मुख्य प्रकार लक्षात ठेवा.

अ) एक्झॉन वगळणे. एक पूर्ण एक्झॉन कधी घेतला जातो, कधी सोडला जातो. मानवात हा प्रकार सर्वांत जास्त दिसतो.

आ) पर्यायी डोनर. एक्झॉनचा शेवट मागेपुढे सरकतो.

इ) पर्यायी अ‍ॅक्सेप्टर. एक्झॉनची सुरुवात मागेपुढे सरकते.

ई) परस्परवर्ज्य एक्झॉन. दोनपैकी एकच घेतला जातो, दोन्ही एकत्र कधी नाहीत.

उ) इंट्रॉन तसाच राहणे.

यांपैकी आ आणि इ हे आपल्या विषयाचे केंद्र आहेत, कारण त्यांत एक्झॉन जातही नाही आणि नवीन येतही नाही. फक्त त्याची हद्द बदलते.

२००८ साली आरएनए अनुक्रमणाच्या नव्या पद्धतीने केलेल्या अभ्यासांत दिसले की एकाहून अधिक एक्झॉन असलेल्या मानवी जनुकांपैकी सुमारे ९५ टक्के जनुकांत पर्यायी स्प्लाइसिंग होते. हा आकडा वाचताना सावध राहा. त्याचा अर्थ एवढाच की अशा जनुकांचे एकाहून अधिक प्रकारचे एमआरएनए सापडले. त्या प्रत्येकापासून उपयोगी प्रथिन बनते, असा त्याचा अर्थ नाही. काही प्रकार हे यंत्राच्या नैसर्गिक चुकाही असू शकतात.

४. सीमा सरकण्याचा उपयोग

पहिले उदाहरण बीसीएल-एक्स या जनुकाचे. याच्या दुसऱ्या एक्झॉनला दोन डोनर स्थाने आहेत. पुढचे स्थान वापरले तर २३३ अमिनो आम्लांचे लांब प्रथिन बनते. ते पेशीला मरणापासून वाचवते. मागचे स्थान वापरले तर १७० अमिनो आम्लांचे आखूड प्रथिन बनते. ते पेशीला मरणाकडे ढकलते. फरक ६३ अमिनो आम्लांचा, म्हणजे १८९ अक्षरांचा. एकाच जनुकाची, एकाच एक्झॉनची दोन टोके आणि काम अगदी उलट. अनेक कर्करोगांत लांब प्रकार जास्त प्रमाणात आढळतो.

दुसरे उदाहरण आणखी बारीक आहे. डब्ल्यूटी-१ या जनुकाच्या नवव्या एक्झॉनच्या शेवटी दोन डोनर स्थाने फक्त ९ अक्षरांच्या अंतरावर आहेत. त्यामुळे प्रथिनात लायसिन, थ्रिओनिन आणि सेरिन ही तीन अमिनो आम्ले कधी असतात, कधी नसतात. निरोगी शरीरात दोन्ही प्रकार ठरावीक प्रमाणात लागतात. नवव्या इंट्रॉनच्या डोनर स्थानातील उत्परिवर्तनांमुळे तीन अमिनो आम्ले असलेला प्रकार कमी पडला, तर फ्रेझिअर सिंड्रोम होतो. त्यात मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात आणि एक्सवाय गुणसूत्रे असलेल्या बालकात जननग्रंथींची वाढ नीट होत नाही. इथे कुठलेही प्रथिन नवीन किंवा विकृत बनलेले नाही. दोन नेहमीच्या प्रकारांचे प्रमाण तेवढे बिघडले आहे.

याहून लहान सरकणेही असते. अ‍ॅक्सेप्टर स्थानी एजीच्या पाठोपाठ तीन अक्षरांनी पुन्हा एजी आला, तर स्प्लायसोसोम कधी पहिला तर कधी दुसरा एजी निवडतो. एमआरएनएमध्ये फरक केवळ तीन अक्षरांचा आणि प्रथिनात साधारणपणे एका अमिनो आम्लाचा. मानवी जनुकांत अशा जोड-खुणा पुष्कळ आहेत.

५. तीनाने भाग जातो का?

वरची सर्व उदाहरणे पाहा: १८९, ९ आणि ३. तिन्ही संख्यांना ३ ने भाग जातो. हा योगायोग नाही. कोडॉन तीन अक्षरांचा असल्याने सीमा तीनच्या पटीत सरकली तर पुढचा मजकूर पूर्वीच्याच चौकटीत वाचला जातो. तसे नसेल तर वाचन-चौकट मोडते. पुढचे सर्व कोडॉन बदलतात आणि बहुधा थोड्याच अंतरावर अवेळी थांबा-कोडॉन येतो. असा एमआरएनए पेशीतील तपासणी यंत्रणा ओळखते आणि नष्ट करते.

तेव्हा सीमेतील कोणताही बदल दिसला की पहिला प्रश्न हाच विचारा: सरकलेल्या अक्षरांना ३ ने भाग जातो का? पण उत्तर हो आले म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजू नका. ते का, हे पुढील उदाहरणात दिसेल.

६. सविस्तर उदाहरण: बीटा-ग्लोबिन

हिमोग्लोबिनमधील बीटा साखळीचे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात तीन एक्झॉन आणि दोन इंट्रॉन आहेत. पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० अक्षरांचा. प्रथिनासाठी वापरली जाणारी अक्षरे पहिल्या एक्झॉनमध्ये ९२, दुसऱ्यात २२३ आणि तिसऱ्यात १२९. बेरीज ४४४, म्हणजे १४८ कोडॉन. त्यांतला पहिला सुरुवातीचा आणि शेवटचा थांब्याचा. दोन्ही वजा करता उरतात १४६, आणि बीटा साखळीत नेमकी तेवढीच अमिनो आम्ले असतात.

९२ ला ३ ने भाग जात नाही, हे लक्षात आले का? पहिला इंट्रॉन ३० क्रमांकाच्या कोडॉनच्या मधोमध येतो. त्या कोडॉनची एजी ही दोन अक्षरे पहिल्या एक्झॉनमध्ये आणि तिसरे अक्षर जी दुसऱ्या एक्झॉनमध्ये आहे.

आता पहिल्या इंट्रॉनचे डोनर स्थान पाहा: सीएजी, सीमा, जीटीटीजीजीटी. आदर्श नमुना जीटीएएजीटी किंवा जीटीजीएजीटी असा. तिसरे आणि चौथे अक्षर जुळत नाही. पहिले, दुसरे, पाचवे आणि सहावे जुळते. म्हणजे हे स्थान मुळातच फार बळकट नाही. पाचव्या जागेवरचा जी त्याला सावरून धरतो.

भारतीयांत सर्वाधिक आढळणाऱ्या बीटा-थॅलेसेमिया उत्परिवर्तनात याच पाचव्या जागी जी ऐवजी सी येतो. जीटी शाबूत आहे. एकही एक्झॉन बदललेला नाही. प्रथिनाचा एकही कोडॉन बदललेला नाही. तरीही यू१ ची पकड सैल होते आणि एरवी दुर्लक्षित राहणारी शेजारची तीन स्थाने वापरात येतात. अशा स्थानांना सुप्त डोनर स्थाने म्हणू.

पहिले सुप्त स्थान एक्झॉनच्या आत, खऱ्या सीमेच्या ३८ अक्षरे अलीकडे आहे. दुसरे १६ अक्षरे अलीकडे. ३८ ला ३ ने भागले तर बाकी २, १६ ला भागले तर बाकी १. दोन्हींत वाचन-चौकट मोडते.

तिसरे सुप्त स्थान इंट्रॉनच्या आत, १३ व्या अक्षरापाशी सुरू होते. ते वापरले तर एमआरएनएमध्ये इंट्रॉनची १२ अक्षरे जादा येतात. १२ ला ३ ने भाग जातो, चौकट टिकते. पण प्रथिनात चार अमिनो आम्ले जादा शिरतात आणि जे बनते ते मूळ बीटा-ग्लोबिन नसते. चौकट टिकणे आणि प्रथिन योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या अशा.

पाचव्या जागेच्या या उत्परिवर्तनात थोडे एमआरएनए अजूनही बरोबर कापले जातात, त्यामुळे थोडे बीटा-ग्लोबिन बनते. पहिल्याच जागी जी चा टी झाला, तर मात्र जीटी ही मूळ खूणच नाहीशी होते आणि त्या जनुकापासून बीटा-ग्लोबिन बनतच नाही. सीमेपासून चार अक्षरांचे अंतर आणि आजाराच्या तीव्रतेत हा फरक.

आता अ‍ॅक्सेप्टरच्या बाजूचे उदाहरण घेऊ. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत एक उत्परिवर्तन खूप आढळते. पहिल्या इंट्रॉनच्या ११० व्या जागी जी चा ए होतो. ११० आणि १११ या जागांवर पूर्वी जीजी होते, तिथे एजी तयार होतो. ही झाली नवी अ‍ॅक्सेप्टर खूण. खरी सीमा १३० वर आहे, म्हणजे १९ अक्षरे पुढे. स्प्लायसोसोम बहुतेक वेळा नवी खूण निवडतो आणि इंट्रॉनची १९ अक्षरे एमआरएनएमध्ये येतात. पहिल्या एक्झॉनची उरलेली एजी ही दोन अक्षरे धरून आता वाचा:

एजीटी, सीटीए, टीटीटी, टीसीसी, सीएसी, सीसीटी, टीएजी.

शेवटचा टीएजी म्हणजे थांबा. गंमत अशी की हा टीएजी म्हणजे मूळ अ‍ॅक्सेप्टरचीच अक्षरे आहेत. जी अक्षरे काल इंट्रॉन इथे संपला असे सांगत होती, तीच आज प्रथिन इथे संपले असे सांगतात. १९ मधून १ अक्षर पहिल्या कोडॉनला गेले आणि उरलेल्या १८ चे सहा कोडॉन झाले, हे कागदावर एकदा स्वतः करून पाहा.

तिसरा प्रकार ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये आढळणाऱ्या हिमोग्लोबिन-ई चा. इथे २६ व्या कोडॉनमध्ये जीएजी चा एएजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येते. पाठ्यपुस्तकात हे अमिनो आम्ल बदलणारे उत्परिवर्तन म्हणून शिकवले जाते. पण हा बदल वर सांगितलेल्या १६ अक्षरे अलीकडच्या सुप्त स्थानात, त्याच्या तिसऱ्या जागी पडतो. तिथले जीटीजीएजी आता जीटीएएजी होते, म्हणजे आदर्श नमुन्याच्या आणखी जवळ. काही एमआरएनए त्यामुळे तिथेच कापले जातात. म्हणून हिमोग्लोबिन-ई बदललेले तर असतेच, शिवाय ते कमी प्रमाणातही बनते.

७. हा विषय परीक्षेपुरता का नाही

बीटा-थॅलेसेमियाचा वाहक, म्हणजे ज्याच्या दोनपैकी एकच प्रत बिघडलेली आहे अशी व्यक्ती, सामान्य आयुष्य जगते. पुष्कळांना आपण वाहक असल्याचे ठाऊकही नसते. पण आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तीव्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि रक्तासोबत साठत जाणारे लोह शरीरातून काढण्यासाठी औषधे घ्यावी लागतात.

भारतात वाहकांचे प्रमाण सरासरी ३ ते ४ टक्के मानले जाते. काही समाजांत ते बरेच जास्त आहे. ६० विद्यार्थ्यांच्या वर्गात सरासरीने दोघे वाहक असू शकतात, असा याचा अर्थ. वाहक ओळखण्यासाठी नेहमीची रक्ततपासणी आणि हिमोग्लोबिन-ए२ चे प्रमाण मोजणारी चाचणी पुरेशी ठरते. वाहकात ते वाढलेले दिसते. लग्नापूर्वी किंवा मूल होऊ देण्यापूर्वी ही चाचणी करून घ्या, हे वर्गातही सांगावे असे मला वाटते. वाहक असणे हा आजार नाही आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पाचव्या जागेवरचे एक अक्षर एवढाच तो फरक असतो.

८. ‘मूक’ उत्परिवर्तनांचा धोका

एकाच अमिनो आम्लासाठी अनेक कोडॉन असतात. त्यामुळे अक्षर बदलूनही अमिनो आम्ल तेच राहू शकते. अशा बदलाला मूक उत्परिवर्तन म्हणतात. मूक म्हणजे निरुपद्रवी, असे गृहीत धरून लिहिलेले प्रोग्रॅम अजूनही पाहायला मिळतात. दोन उदाहरणे पाहा.

लॅमिन-ए च्या जनुकात ६०८ वा कोडॉन जीजीसी चा जीजीटी होतो. दोन्हींचा अर्थ ग्लायसिनच. पण या बदलाने ११ व्या एक्झॉनच्या आत एक सुप्त डोनर स्थान जागे होते. एक्झॉनचा शेवट १५० अक्षरे मागे सरकतो. १५० ला ३ ने भाग जातो, म्हणून चौकट टिकते आणि ५० अमिनो आम्ले गाळलेले प्रथिन तयार होते. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकाचे आवरण बिघडवते आणि त्यातून प्रोजेरिया, म्हणजे बालपणीच वार्धक्याची लक्षणे दिसणारा दुर्मीळ आजार होतो. हे कारण २००३ मध्ये सापडले. इथे चौकट मोडली असती तर तो एमआरएनए कदाचित नष्ट झाला असता. चौकट टिकल्यामुळेच घातक प्रथिन टिकले.

दुसरे उदाहरण एसएमएन-१ आणि एसएमएन-२ या जवळजवळ जुळ्या जनुकांचे. एसएमएन-१ च्या दोन्ही प्रती बिघडल्या तर स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी होते. मज्जारज्जूतील चेतापेशी मरतात आणि स्नायू दुबळे पडत जातात. मग एसएमएन-२ ते काम का करत नाही? त्याच्या ७ व्या एक्झॉनमध्ये सहाव्या जागी सी ऐवजी टी आहे. अमिनो आम्ल बदलत नाही. पण तो एक्झॉन ओळखायला मदत करणारी खूण बिघडते आणि बहुतेक वेळा सातवा एक्झॉन वगळला जातो. पूर्ण लांबीचा एमआरएनए सुमारे १० टक्केच बनतो.

इथेच उपचाराची दिशाही सापडली. जनुक आहे, मजकूर शाबूत आहे, फक्त एक्झॉन वगळला जातो. मग वगळण्यास मदत करणारी खूण झाकली तर? सातव्या इंट्रॉनमध्ये अशी अडथळ्याची खूण आहे. तिला पूरक असा १८ अक्षरांचा कृत्रिम तुकडा मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात टोचला की ती झाकली जाते आणि सातवा एक्झॉन घेतला जाऊ लागतो. न्यूसिनर्सेन नावाच्या या औषधाला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर तोंडाने घेण्याचे, स्प्लाइसिंगवरच काम करणारे रिसडिप्लॅम हे औषध २०२० मध्ये आले. ही औषधे अतिशय महाग आहेत आणि आपल्याकडील बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहेत, हेही वास्तव आहे.

९. प्रोग्रॅम लिहिताना

आता तुमच्या कामाच्या गोष्टी.

पहिली गोष्ट, मोजणी. जीटीएफ या फाइल-प्रकारात मोजणी १ पासून होते आणि शेवटचे अक्षर धरलेले असते. बीईडी या प्रकारात मोजणी ० पासून होते आणि शेवटचा आकडा धरलेला नसतो. १०१ ते २५० हा १५० अक्षरांचा एक्झॉन जीटीएफमध्ये १०१ आणि २५० असा, तर बीईडीमध्ये १०० आणि २५० असा लिहिला जातो. हे विसरलात तर सर्व सीमा एका अक्षराने सरकतील. एका अक्षराने काय होते ते आपण वर पाहिले.

दुसरी गोष्ट, पडताळणी. प्रत्येक इंट्रॉनची पहिली दोन आणि शेवटची दोन अक्षरे काढा. सुमारे ९९ टक्के ठिकाणी जीटी आणि एजी मिळायला हवेत. मिळाले नाहीत तर मोजणी चुकली आहे किंवा डीएनएच्या उलट साखळीवरील जनुकांसाठी तुम्ही पूरक अक्षरे घेऊन क्रम उलटा केलेला नाही. बीटा-ग्लोबिनचे जनुक उलट साखळीवरच आहे, म्हणून चाचणीसाठी ते चांगले.

तिसरी गोष्ट, प्रमाण मोजणे. एक्झॉन किती टक्के वेळा घेतला गेला, हे सांधे ओलांडणाऱ्या तुकड्यांवरून मोजतात. समजा, एका नमुन्यात सहा-सात सांध्यावर १८ तुकडे, सात-आठ सांध्यावर २२ आणि सहा-आठ या थेट सांध्यावर १८० तुकडे मिळाले. एक्झॉन घेतल्याचे दोन सांधे आहेत म्हणून सरासरी घ्या: २०. मग प्रमाण २० भागिले २००, म्हणजे १० टक्के. सरासरी न घेता ४० धरले तर उत्तर १८ टक्के येईल आणि ते चूक असेल.

चौथी गोष्ट, उत्परिवर्तनांची छाननी. प्रथिन बदलते का एवढेच तपासून थांबू नका. सीमेपासून अंतर पाहा. मूळ आणि बदललेल्या अनुक्रमासाठी डोनर व अ‍ॅक्सेप्टरचे गुण काढून तुलना करा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले स्प्लाइस-एआय हे डीप लर्निंगवर आधारित साधन १०,००० अक्षरांचा संदर्भ पाहून असा अंदाज करते. तो अंदाजच असतो. खात्री रुग्णाच्या आरएनएवरील चाचणीनेच होते.

सारांश

एक्झॉनची सीमा म्हणजे नकाशावरची पक्की रेघ नसून, खुणांच्या बळावर दर वेळी घेतला जाणारा निर्णय आहे. त्या निर्णयातली लवचीकता पेशी वापरते. तोच निर्णय बिघडला तर थॅलेसेमिया, प्रोजेरिया आणि स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफीसारखे आजार होतात. सीमा सरकली की तीनाने भाग जातो का ते पाहा, पण तेवढ्यावर थांबू नका. आणि ‘मूक’ हा शब्द वाचला की सीमा कुठे आहे ते एकदा तपासा.

स्वाध्याय

१. बीटा-ग्लोबिनचा दुसरा एक्झॉन पूर्ण वगळला तर वाचन-चौकट टिकेल का? कारण द्या.

२. ३८ अक्षरे अलीकडचे सुप्त स्थान असे आहे: एएजी, सीमा, जीटीजीएएसी. आदर्श नमुन्याशी ताडून किती अक्षरे जुळतात ते मोजा. १६ अक्षरे अलीकडच्या स्थानाशी (जीटीजी, सीमा, जीटीजीएजीजी) तुलना करा.

३. ज्या एक्झॉनच्या दोन्ही बाजूंचे इंट्रॉन कोडॉनच्या एकाच जागी पडतात, त्या एक्झॉनच्या लांबीला ३ ने भाग जातो, हे सिद्ध करा.

४. अनुक्रम आणि सीमांचे आकडे घेऊन प्रत्येक इंट्रॉनची पहिली व शेवटची दोन अक्षरे छापणारा प्रोग्रॅम लिहा. उलट साखळीची सोय ठेवा आणि बीटा-ग्लोबिनवर चालवून पाहा.

५. प्रोजेरियात चौकट टिकणे घातक ठरले, तर बीसीएल-एक्समध्ये ते उपयोगी ठरले. दोन्हींतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.